कार्पेटखालची फळी

'बंक' म्हटलं की आपल्याला आठवतं ते लेक्चर. मारलेलं! फार तर हॉस्टेलवरचा दुमजली पलंग. पण बॉस, बंक बोटीच्या ट्रेलरलाही असतो आणि तो कुजतोसुद्धा, हे ज्ञान मला मिळालं 2023च्या मे महिन्यात, न्यू जर्सीमध्ये, मावसभावाच्या ड्राइव्हवेवर उताणं पडून.

गेले होते खरं तर फिरायला. ब्रॉडवे, आउटलेट मॉल, सगळी लिस्ट तयार. पहिल्याच शनिवारी दादाने हातात पाना दिला. त्याला त्याची सतरा फुटी फायबरग्लासची बोट विकायची होती आणि पुढच्या रविवारी एक गिऱ्हाईक येणार होतं. फेब्रुवारीत दादाची नोकरी गेली होती, घराचे हप्ते मात्र चालूच होते. मावशीला यातलं काही माहीत नव्हतं. (आता नवी नोकरी लागलीय, मावशीला सांगूनही झालंय, म्हणून बिनधास्त लिहितेय.)

बंक म्हणजे ट्रेलरवरच्या दोन लांब लाकडी फळ्या, वरून कार्पेट गुंडाळलेल्या. बोट त्यांच्यावर बसते. बार्नेगॅट बेच्या उतारावर गाडी रिव्हर्स घ्यायची, ट्रेलर पाण्यात गेला की बोट फळ्यांवरून घसरून तरंगायला लागते. काय आहे ना, बोट वर्षातले काही तास पाण्यावर असते. बाकी सगळा काळ या दोन फळ्यांवर!

आमचं कार्पेट फाटलेलं होतं. मी म्हटलं, "दादा, वरून नवीन कार्पेट मार ना. विकायचीच तर आहे!" ओल आलेल्या भिंतीला रंग मारून फ्लॅट दाखवणाऱ्या शहरातून आलेय मी. मला हे अगदी नॉर्मल वाटलं.

दादा काही बोलला नाही. त्याने स्क्रूड्रायव्हर घेतला आणि कार्पेटच्या फाटीतून फळीत खुपसला. चहात बुडवलेल्या खारीत जावा तसा तो मुठीपर्यंत आत गेला.

"हायवेवर ही बसली तर?" तो म्हणाला. "बोट कलंडेल. मागच्या गाडीत कोणाची तरी पोरं असतील."

विषय संपला. कामाला लागलो.

खारं पाणी कार्पेटमध्ये मुरून राहतं, स्टेपलच्या आणि बोल्टच्या भोकांतून लाकडात उतरतं. म्हणून कूज तिथूनच सुरू होते, आणि वरून दिसत नाही. आधी चाकांना ओंडके लावले. मग मागच्या बाजूला, बोटीच्या मधल्या कण्याखाली जॅक. जॅकचं टोक थेट बोटीच्या पोटाला लावायचं नाही, मध्ये जाड फळी हवीच, आणि बोट जरा उचलली की खाली ठोकळे. नुसत्या जॅकच्या भरवशावर बोटीखाली हात घालायचा नाही. आणि एका वेळी एकच बंक काढायचा.

खरी मजा बोल्टनी केली. कॅरेज बोल्टच्या गोल डोक्याखाली एक चौकोन असतो, तो लाकडात रुतून बसतो, म्हणून नट फिरवला तरी बोल्ट फिरत नाही. आमचं लाकडच कुजलेलं. पाना फिरवला की नटासकट अख्खा बोल्ट गोल गोल! शेवटी ग्राइंडरने कापले. दुपार गेली, माझी नखं गेली.

नवीन लाकूड आणलं 'टू बाय फोर', जे मोजलं तर दीड बाय साडेतीनच भरतं! तिथे सगळ्यांना माहीत असतं म्हणे. लाकूड प्रेशर ट्रीटेड, म्हणजे दाबाने औषध मुरवलेलं. पूर्वी त्यात आर्सेनिक असायचं. घरगुती वापरासाठी ते अमेरिकेत 2003 अखेर बंद झालं. आता तांबं असतं. आमची बोट फायबरची, म्हणून चाललं. अ‍ॅल्युमिनियमची असती तर हे लाकूड नको, खाऱ्या पाण्यात तांबं तिला खाऊन टाकतं. साध्या लोखंडी बोल्टलाही ते सोडत नाही, म्हणून जाड गॅल्वनाइज्ड बोल्ट घेतले. कापलेल्या टोकांना पुन्हा औषध लावलं, कारण ते गाभ्यापर्यंत मुरलेलं नसतं. बोल्टची डोकी फळीत खोल बसवली, नाहीतर तीच बोटीला घासणार. कार्पेटच्या स्टेपल स्टेनलेसच्या आणि फळीच्या खालच्या अंगाला. खाली एक पट्टी उघडी ठेवली, पाणी निथळायला.

जुन्या फळ्या बोटीच्या मागच्या टोकाच्या सहा इंच अलीकडेच संपत होत्या. आणि सगळं इंजिन लटकतं त्याच टोकाला. दादाने बोटीच्या पोटाला सरळ पट्टी लावून टॉर्च मारला. मागच्या भागात पट्टी आणि बोटीच्या मधून उजेड दिसला. पोट वाकलं होतं. याला 'हुक' म्हणतात. अशी बोट स्पीडमध्ये नाक खाली घालते.

"म्हणूनच ती तशी चालायची," दादा म्हणाला. "मला वाटायचं, मलाच जमत नाही."

नव्या फळ्या टोकापर्यंत लांब घेतल्या. पण वाक काही त्याने जात नाही.

रविवारी गिऱ्हाईक आलं. इंजिन ऐकलं, रेडिओ वाजवला, सीटची फाट बघितली. खाली वाकून काही बघितलं नाही! मी मनात म्हटलं, सुटलो. तेवढ्यात दादाने टॉर्च आणि पट्टी काढली, माणसाला खाली बसवलं आणि तो उजेड दाखवला. "फळ्या नव्या आहेत. हे आधीचं आहे."

मी वहिनीकडे बघितलं. वहिनी कुंडीतल्या मिरच्यांकडे बघत होती.

त्या माणसाने ठरलेल्या किमतीतून सातशे डॉलर कमी केले आणि बोट घेऊन गेला. दादा सिग्नलपर्यंत ट्रेलरकडे बघत रस्त्यावर उभा होता.

रात्री भात वाढताना वहिनी एवढंच म्हणाली, "सातशे डॉलर."

"हो," दादा म्हणाला, आणि लोणचं मागितलं.