डोंबिवलीचा निवासी विभाग

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील ज्या निवासी विभागाने 2016 व 2024 च्या मे महिन्यांत रासायनिक कारखान्यांतील स्फोटांनी आपल्या खिडक्यांची तावदाने फुटताना पाहिली आणि 2020 साली रस्ताच गुलाबी झालेला अनुभवला, त्याची बोळवण पंचनाम्यांवर आणि कारखान्यांच्या स्थलांतराच्या आश्वासनांवर व्हावी, हे मला अक्षम्य वाटते. येथील रहिवासी उद्योगांचे वैरी नव्हेत. कित्येकांची उपजीविकाच त्यांवर चालली आहे. घातक रसायनांचा मोठा साठा बाळगणाऱ्यांनी संभाव्य अपघाताचे स्वरूप आणि त्या प्रसंगी घ्यावयाची खबरदारी परिसरातील लोकांस अगोदर कळवावी, असे बंधन 1989 च्या केंद्रीय नियमांत आहेच. स्थलांतराची फाईल कोणत्याही दप्तरात असो, या नियमाची तामिली घरोघर, मराठीत आणि तत्काळ झाली पाहिजे.