खोके आणि यादी

आपत्तीनंतर औषधे पोचविण्याचे काम शासनाने आणि मोठ्या रुग्णालयांनीच करावे, पाच-सात माणसांच्या हौशी संस्थांनी त्यात लुडबुड करू नये, असे मत अलीकडे मोठ्या प्रौढीने मांडले जाते. लहान संस्थेकडे शीतसाखळी, म्हणजे ठरावीक थंड तापमानात औषध शेवटच्या रुग्णापर्यंत नेण्याची व्यवस्था नसते, औषधांचा जाणकार नसतो, असते ती गाडीला फलक बांधण्याची घाई, असा या मताचा सारांश आहे. शिवाय वर्धा शहरालगतच्या सिंदी मेघेपासून थोड्याच अंतरावर सेवाग्राम आणि सावंगी येथे दोन वैद्यकीय महाविद्यालये असताना तेथे असल्या संस्थेचे प्रयोजनच काय, असा टोलाही वर हाणला जातो.

या पक्षाचा हुकमी एक्का म्हणजे आर्मेनियातील 1988 चा भूकंप. तेथे औषधे व वैद्यकीय साहित्य मिळून सुमारे 5,000 टन मदत येऊन पडली, ती निवडून लावण्यात 50 माणसांचे सहा महिने गेले, आणि जे आले त्यातील 8 टक्के औषधांची मुदत आधीच संपलेली होती. हा दाखला खराच आहे. मात्र तो देणाऱ्याने त्याचा अर्थ लावण्याची तसदी घेतलेली दिसत नाही. पाच हजार टन माल गल्लीतल्या वर्गणीतून जमत नाही आणि टेम्पोतून जात नाही. तो देशोदेशींहून आला, आणि काय हवे हे न विचारता आला. जागतिक आरोग्य संघटनेने 1996 मध्ये औषधदानाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत औषध पोचते वेळी किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी, वेष्टनावर मूळ औषधी द्रव्याचे नाव असावे आणि रुग्णांनी परत केलेली औषधे पाठवू नयेत, असे सांगितले आहे. दात्याचा आकार किती असावा, याविषयी त्यांत अवाक्षर नाही. आर्मेनियाचा दोष न विचारता पाठविण्याचा होता. तो लहानांच्या माथी मारणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे होय.

मुळात पूर म्हणजे बुडालेली माणसे आणि मागोमाग येणारी साथ, एवढेच चित्र या मंडळींच्या डोळ्यांपुढे असते. 30 जुलै 1991 रोजी वर्धा नदीच्या पुराने मोवाड हे गाव गिळले, 204 माणसे गेली, त्या आठवणीने हे चित्र पक्के झाले असेल. बुडून किंवा दबून मेलेल्यांच्या देहांपासून साथी पसरत नाहीत, हा वाद शास्त्राने केव्हाच निकालात काढला असला, तरी दर आपत्तीनंतर पांढरी भुकटी फवारली जातेच. छायाचित्रात ती उठून दिसते. जिवंत राहिलेल्याचे हाल मात्र निराळेच असतात. त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या वाहून गेलेल्या असतात, डॉक्टरांची चिठ्ठी भिजून तिचा लगदा झालेला असतो, आणि फीटच्या गोळीत दोन दिवसांचा खंड पडला तरी झटका येऊ शकतो. इन्सुलिन दोन ते आठ अंश तापमानात ठेवावे लागते. वीज गेल्यावर त्याची कुपी पिशवीत गुंडाळून ओल्या फडक्याच्या मडक्यात ठेवणारी बाई कोणत्या घरी आहे, हे गावच्या आशाताईला ठाऊक असते, दूरच्या नियंत्रण कक्षाला नव्हे. वैद्यकीय महाविद्यालय रुग्ण येण्याची वाट पाहते. पूल पाण्याखाली असताना रुग्ण येणार कसा? दुरून गावाचा पत्ताही नीट कळत नाही: ‘सिंदी, जिल्हा वर्धा’ एवढ्या पत्त्यावर मुंबईहून निघालेला खोका त्याच जिल्ह्यातील सिंदी रेल्वे या वेगळ्या गावी उतरवला गेला, तर हमालाला दोष देता येणार नाही.

उरलेल्या आक्षेपांपैकी फलकाच्या हौसेचा आक्षेप खरा आहे, फक्त त्यात मोठ्यांचे फलक मोजलेले नाहीत. सर्पदंशावरचे औषध लहान संस्थेने हाताळू नये, हा आक्षेप मात्र मान्यच करावा लागतो: पुरात घरात शिरणारे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्यावरील प्रतिविष डॉक्टरांवाचून देणे जिवावर बेतू शकते, म्हणून ते कार्यकर्त्याच्या झोळीत असू नये.

तेव्हा लहान संस्थेने करावे ते इतकेच: आधी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला विचारून यादी घ्यावी, परवानाधारक ठोक विक्रेत्याकडून जेनेरिक, म्हणजे मूळ नावाने विकली जाणारी स्वस्त औषधे घ्यावीत, आणि ती स्वतः न वाटता केंद्राच्या औषधनिर्माण अधिकाऱ्याकडे सोपवावीत; कारण 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमानुसार परवान्याविना औषधवाटप करता येत नाही, हे उत्साहाच्या भरात विसरले जाते. पोच घेताना खोक्यांची संख्या न लिहिता प्रत्येक औषधाचे नाव, मात्रा, तुकडी क्रमांक, मुदत आणि गोळ्यांची संख्या लिहून घ्यावी. खोके मोजण्याची सवय जडलेल्यांना हे जाचेल.