वायडलमधला ‘एच’ आणि जिवाणूच्या शेपट्यांचा हिशेब

तापाच्या दुसऱ्याच दिवशी वायडल करून घ्यायची आपल्याकडे पद्धत पडली आहे. रिपोर्टवर ‘टीओ १:८०, टीएच १:१६०’ असं काही दिसलं की घरात निकाल लागतो: टायफॉइड. "डॉक्टर, १६० निघालाय," असं रुग्ण सांगतात, जणू रक्तात १६० जंतू मोजले गेले. माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या आठवड्यात केलेल्या एकट्या वायडलवर टायफॉइडचा शिक्का मारू नये, आणि रुग्णाने तर ही टेस्ट स्वतःहून मागूच नये. हे पटण्यासाठी रिपोर्टातला तो ‘एच’ कुठून आला, ते आधी बघू.

टायफॉइडच्या जिवाणूच्या अंगावर लांब, बारीक धागे असतात. शास्त्रीय नाव कशाभिका, आपण शेपट्या म्हणू. त्या गरगर फिरवत तो पोहतो. या शेपट्यांच्या प्रथिनाविरुद्ध आपलं शरीर जी प्रतिपिंडं बनवतं, ती म्हणजे रिपोर्टातला ‘एच’. (अक्षर जर्मन भाषेतून आलं आहे. शेपट्यावाले जिवाणू प्लेटवर पातळ थर करून पसरतात, काचेवर श्वास सोडल्यावर धुरकट थर येतो तसा. म्हणून ‘हाउख’, म्हणजे श्वास. आणि ‘ओ’ म्हणजे ‘ओहने हाउख’, श्वासाशिवायचा.)

शेपटी बांधणं हे जिवाणूसाठी घर बांधण्याइतकं खर्चाचं काम. एका शेपटीत एकाच प्रथिनाचे वीस हजारांपर्यंत कण लागतात आणि तिची लांबी जिवाणूच्या अंगाच्या कित्येक पट भरते. त्यामुळे किती बांधायच्या याचा हिशेब कडक असतो. कॉलऱ्याचा जिवाणू एका टोकाला एकच शेपटी ठेवतो. त्याच्याकडे दोन प्रथिनं आहेत, एक म्हणतं ‘बांध’, दुसरं म्हणतं ‘पुरे’. प्रयोगशाळेत ‘पुरे’ म्हणणारं काढून टाकलं, तर एकाच जिवाणूला शेपट्यांचा झुबका फुटतो. ‘बांध’ म्हणणारं काढलं, तर बहुतेकांना शेपटी उगवतच नाही.

टायफॉइडचा जिवाणू साल्मोनेला कुळातला. या कुळात अंगभर मिळून साधारण सहा ते दहा शेपट्या असतात. इथे सगळं काम एका मुख्य प्रथिनाच्या हुकमाने सुरू होतं आणि पेशी ते प्रथिन सतत मोडीत काढत असते, म्हणजे हुकूम कधी बेसुमार सुटत नाही. आधी पाया, मग आकडा, मग लांब धागा, असा बांधकामाचा क्रम. आकडा पुरा होईपर्यंत धाग्याचं प्रथिन बनवायचंच नाही, यासाठी एक रखवालदार प्रथिन आत अडून बसलेलं असतं. आकडा झाला की त्याच आकड्याच्या पोकळीतून त्याला बाहेर फेकलं जातं आणि धाग्याचा कारखाना सुरू होतो. रखवालदार जनुकासकट काढून टाकला तर शेपट्यांची संख्या वाढते. गंमत म्हणजे एकाच वसाहतीतल्या जुळ्या जिवाणूंपैकी काही शेपट्या बांधतात, काही बांधतच नाहीत.

टायफॉइडच्या जिवाणूची खरी चलाखी तुमच्या आतड्यात दिसते. आपल्या पेशींवर शेपटीचं प्रथिन ओळखणारे पहारेकरी असतात. ते सापडलं की लगेच दाह सुरू होतो. आतड्याच्या पोकळीत, क्षार जास्त असताना, हा जिवाणू शेपट्या बाळगतो. आतड्याचं अस्तर ओलांडून आत शिरला की ‘व्हीआय’ नावाचं आवरण पांघरतो, आणि त्या आवरणाचं काम पाहणारं प्रथिनच शेपट्यांच्या मुख्य हुकमालाही दाबून टाकतं. शेपट्या आवरल्या, पांघरूण घेतलं, आणि गडबड न करता पुढे सरकला. बाहेरच्या खाण्याने एका रात्रीत जुलाब होतात तसा टायफॉइड सहसा सुरू होत नाही, हळूहळू ताप चढत जातो, त्यामागे ही लपाछपी आहे.

आता वायडलकडे या. फ्रेंच डॉक्टर जॉर्ज फर्नां वायडल यांनी १८९६ मध्ये मांडलेली ही टेस्ट. यात तुमच्या रक्तातला जिवाणू कोणी पाहतच नाही. लॅबमध्ये बाटलीतले मारलेले, शेपट्या शाबूत ठेवलेले जिवाणू असतात. त्यांत तुमचं सिरम पातळ करत करत घालतात आणि गुठळ्या होतात का बघतात. १:१६० म्हणजे १६० पट पातळ केलं तरी गुठळी झाली, एवढंच. जंतूंची संख्या नाही, आजाराची तीव्रताही नाही.

प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडाभर तरी लागतो, म्हणून दुसऱ्या दिवशीची निगेटिव्ह वायडल टायफॉइड नाही असं सांगू शकत नाही. उलट पॉझिटिव्ह आली तर ती जुनी ओळख असू शकते. ‘एच’ महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं टिकतो. पूर्वी कधी हा जंतू पोटात गेला असेल, तर मलेरियासारख्या दुसऱ्याच तापातही आकडा वर जातो. आपल्यासारख्या भागात, जिथे पाण्यातून या जंतूची गाठ पडतच असते, एकटा आकडा फारसं बोलत नाही. सात ते दहा दिवसांच्या अंतराने दोनदा तपासून चौपट वाढ दिसली तर त्याला अर्थ आहे. पण दुसऱ्या वेळी रक्त द्यायला येतो कोण? पट्टीवरच्या झटपट टेस्टही प्रतिपिंडंच शोधतात, तेव्हा त्यांच्यावरही फार विसंबू नका.

याची किंमत दोन्हीकडून मोजावी लागते. पावसाळ्यात डेंग्यूच्या रुग्णाला टायफॉइडची सलाइनं लागतात आणि प्लेटलेट्सकडे लक्ष उशिरा जातं. आणि खऱ्या टायफॉइडमध्ये कोणतं औषध लागू पडेल हे वायडल सांगू शकत नाही. एकेकाळी हमखास चालणाऱ्या सिप्रोफ्लॉक्सासिनला आज भारतातले बरेच टायफॉइडचे जिवाणू दाद देत नाहीत, म्हणून हे कळणं गरजेचं आहे.

ते कळतं ब्लड कल्चरमधून. जिवाणू प्रत्यक्ष वाढवायचा आणि कोणत्या औषधाने मरतो ते पाहायचं. ते महाग आहे, दोन-तीन दिवस थांबावं लागतं, आणि टायफॉइड असूनही सुमारे निम्म्या रुग्णांतच जिवाणू सापडतो, हे मी लपवत नाही. तरीही मी तेच निवडेन. रक्त दिल्यावर उपचार थांबवून ठेवायचे नसतात, डॉक्टर लगेच सुरू करू शकतात. मात्र हे वाचून चालू असलेला कोर्स मधेच सोडू नका. आणि बरं झाल्यावर ‘टायफॉइड गेला का’ बघायला पुन्हा वायडल करू नका. ‘एच’ तसाच दिसेल आणि तुम्ही विनाकारण आणखी एक कोर्स घ्याल.

पुढच्या वेळी ताप तीन दिवसांहून जास्त टिकला, तर डॉक्टरांना विचारा, "कल्चर करायचं का?" करायचं ठरलं तर दोन गोष्टी सांभाळा: मोठ्या माणसाचं आठ ते दहा मिली रक्त बाटलीत जायला हवं, आणि ते अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीआधी.