गोंदाची गोष्ट

वाङ्मय शिकणाऱ्यांनी मेंदूतल्या पेशींची उठाठेव कशाला करावी, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, एका नावाने विचाराला किती वर्षे कुलूप लागते हे या पेशींच्या इतिहासात स्वच्छ दिसते. आणि नावे ठेवणे हा तर शब्दांचा, म्हणजे आपलाच प्रांत!

१८५६ च्या सुमारास रुडॉल्फ फिर्खो या जर्मन शास्त्रज्ञाने चेतापेशींमधल्या द्रव्याला ‘न्यूरोग्लिया’, म्हणजे चेतासंस्थेचा गोंद, असे नाव दिले. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत आणि इतर पेशीही जवळजवळ तितक्याच. तरी शंभराहून अधिक वर्षे बहुतेकांचे लक्ष चेतापेशींवरच खिळले. गोंदाला का कोणी प्रश्न विचारतो?

तो विचारण्यात बेन बॅरेस (१९५४–२०१७) हा अमेरिकन संशोधक अग्रेसर होता. मेंदूविकारांचा डॉक्टर होऊ पाहणाऱ्या बॅरेसला दिसले की, जिथे मेंदूला इजा होते तिथे ग्लियाही बदललेल्या असतात. मग त्याने वैद्यकी सोडून संशोधन धरले. हार्वर्ड, लंडन आणि १९९३ पासून स्टॅनफर्ड. उंदराच्या डोळ्यातील चेतापेशी अगदी शुद्ध रूपात वेगळ्या काढून वाढवण्याचे तंत्र त्याने बसवले. २००१ साली त्याच्या प्रयोगशाळेने दाखवले की, सोबत ग्लिया असल्या तर चेतापेशींमधील जोडण्या सुमारे सातपट होतात. आणि २०१७ मध्ये हेही दाखवले की, बिघडलेल्या काही ग्लिया चेतापेशींना ठार मारतात. म्हणजे हा गोंद नुसता चिकटवत नाही; घडवतो आणि मोडतोही.

बॅरेस मुलगी म्हणून वाढला. १९९७ साली त्याने पुरुष म्हणून जगायला सुरुवात केली. एम.आय.टी.त असताना त्याने एक अवघड गणित सोडवले, तेव्हा ‘तुझ्या मित्राने सोडवले असेल’ असे प्राध्यापक म्हणाले. पुढे पुरुष झाल्यावर कोणी म्हणाले की, याचे काम याच्या बहिणीपेक्षा सरस आहे! ती ‘बहीण’ म्हणजे तोच. माणूस एकच, बुद्धी एकच. बदलले फक्त नाव.

या दोन गोष्टींची गाठ मारून ‘उपेक्षितांना उपेक्षितच ओळखतात’ असे सुभाषित करण्याचा मोह होतो. मला ते पटत नाही. ग्लियांचे महत्त्व सिद्ध झाले ते सहानुभूतीने नव्हे, प्रयोगाने. अन्यायाबद्दलही बॅरेसने हळहळ न मांडता आकडे मांडले. अमेरिकेतील एका मोठ्या सरकारी संशोधन पुरस्कारासाठी २००४ साली ६४ परीक्षकांपैकी ६० पुरुष होते आणि नऊही पुरस्कार पुरुषांनाच मिळाले. टीकेनंतर निवडीची पद्धत बदलली. पुढच्या वर्षी १३ पैकी ६ स्त्रिया निवडल्या गेल्या. वर्षभरात स्त्रियांची बुद्धी वाढली, असे कोणी म्हणेल काय?

म्हणून मित्रहो आणि गुरुजनहो, माझी मागणी छोटी आहे. आपल्या निबंधस्पर्धेच्या वह्यांवर नावाऐवजी क्रमांक घाला. कदाचित निकाल तेच लागतील. तसे झाले तर आनंदच आहे. पण तपासून पाहिल्याशिवाय ‘आमच्याकडे तसे नाही’ असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. शंभर वर्षे शास्त्रज्ञही गोंदाबद्दल असेच निश्चिंत होते.