मनाचीही तालीम हवी

'तालीम' हा शब्द तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे सराव. आणि पहिलवान जिथे कसरत करतात, ती जागाही तालीमच. शरीराला तालीम लागते, हे सर्वांना पटते. मनालाही ती लागते, हे मात्र आपण विसरतो.

नेमबाजीचे उदाहरण घ्या. एअर रायफलच्या स्पर्धेत निशाण दहा मीटर दूर असते. त्यावरील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. 'हरलो तर लोक काय म्हणतील?' असा विचार मनात आला, की छातीचे ठोके वाढतात, स्नायू आखडतात आणि बंदूक किंचित हलते. डोळे तेच, हात तेच. तरी नेम चुकतो. असा ताण आवरायला आणि खेळाची उमेद टिकवायला जो तज्ज्ञ शिकवतो, त्याला क्रीडामानसशास्त्रज्ञ म्हणतात.

महाराष्ट्रात हे काम भीष्मराज बाम यांनी केले. ते पोलीस दलात वरिष्ठ अधिकारी होते. पुढे नाशिकला राहून त्यांनी खेळाडूंना मनाचे धडे दिले. योगाच्या अभ्यासाचा त्यांनी त्यासाठी उपयोग केला. नेमबाज अंजली भागवत आणि क्रिकेटपटू राहुल द्रविड यांना त्यांचे मार्गदर्शन मिळाले. अंजली भागवत २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचल्या होत्या. २०१७ साली बाम सरांचे निधन झाले.

हा तज्ज्ञ जादू करत नाही. श्वास संथ कसा ठेवावा, निकालाची चिंता सोडून हातातल्या कामावर लक्ष कसे ठेवावे, पराभवानंतर पुन्हा कसे उभे राहावे, हे तो शिकवतो. हा सराव रोज करावा लागतो. सामन्याच्या दिवशी तो एकदम येत नाही.

काही लोक म्हणतात, "पूर्वीच्या खेळाडूंना कुठे होते असले तज्ज्ञ? मन घट्ट असले की झाले!" हे मत मला पटत नाही. पूर्वी शागिर्दाला धीर देणारा उस्ताद होताच. शिवाय मन घट्ट कसे करायचे, हे कोणी शिकवायला नको का? अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिने २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये मनाच्या आरोग्यासाठी काही स्पर्धांतून माघार घेतली. काहींनी तिला नावे ठेवली. तिने मदत घेतली, सराव केला आणि २०२४ साली पॅरिसमध्ये तीन सुवर्णपदके जिंकली. मग तिला भित्री कोण म्हणेल?

ताण फक्त खेळाडूंनाच येतो असे नाही. परीक्षेच्या दिवशी पाठ केलेले उत्तर आठवत नाही, तेव्हा तुमचीही अवस्था त्या नेमबाजासारखीच होते. अशा वेळी मदत मागितली, तर 'वेडा' म्हणतील अशी भीती वाटते. ही भीतीच आपले जास्त नुकसान करते. ताप आला तर आपण डॉक्टरकडे जातो. मग मन थकले तर लपवायचे का? आपल्या देवनारमध्येच टाटा समाजविज्ञान संस्था आहे. या संस्थेने २०१२ साली 'आयकॉल' ही सेवा सुरू केली. त्यात प्रशिक्षित समुपदेशक फोनवर लोकांच्या मनातील अडचणी ऐकून घेतात.

तुमच्यापैकी कोणाला खेळाची आवड असेल आणि माणसांचे ऐकून घेण्याचा स्वभाव असेल, तर या व्यवसायाचा जरूर विचार करा. बारावीनंतर मानसशास्त्र विषय घेऊन पदवी घ्यावी, मग पदव्युत्तर शिक्षण घ्यावे आणि मैदानावर खेळाडूंमध्ये राहून अनुभव मिळवावा. मुली आणि मुले दोघांनाही ही वाट मोकळी आहे. खेळाडूने विश्वासाने सांगितलेली गोष्ट मनातच ठेवणे, हा या कामाचा पहिला नियम आहे.

पदक एकालाच मिळते, पण हिंमत सर्वांना शिकता येते. म्हणून मदत मागायला लाजू नका आणि मदत मागणाऱ्याला कधी हसू नका.