पेपर किती झाले, हे विचारू नका

नवोदय विद्यालयाची सहावीची प्रवेश परीक्षा जवळ आली की आमच्या डोंगराळ जिवती तालुक्यात शिक्षकांच्या मोबाईलवर रोज एखादी नवी सराव प्रश्नपत्रिका येऊन पडते. ती झेरॉक्स करायची, सोडवून घ्यायची, गुण टाकायचे, की दुसरी हजर. पालकही विचारतात, ‘‘मॅडम, किती पेपर झाले?’’ पाचवीच्या वर्गाची शिक्षिका म्हणून मला वाटतं, हा प्रश्नच बदलायला हवा. पेपर सोडवायला दोन तास पुरतात. तो समजून घ्यायला माझ्या वर्गाला आठवडा लागतो, आणि खरी तयारी त्या आठवड्यात होते.

एक उदाहरण देते. 480 रुपयांना घेतलेली वस्तू शेकडा 15 तोट्याने विकली, तर विक्री किंमत किती? पर्याय चार : 465, 72, 408, 552. उत्तर 408. बाकीचे तीन पर्याय निवडणाऱ्या तिघांनाही शून्यच गुण. पण 465 वर गोल करणाऱ्या मुलाने 480 मधून सरळ 15 वजा केले. त्याला शेकडेवारीच कळलेली नाही. 72 निवडणाऱ्या मुलीने तोटा अचूक काढला आणि तिथेच थांबली, विचारलंय काय ते पुन्हा पाहिलं नाही. 552 वाल्याने तोट्याच्या जागी नफा वाचला. गणित त्याला येतं. यांतल्या पहिल्याला मला टक्केवारी नव्याने शिकवायची आहे, दुसरीला प्रश्नाची शेवटची ओळ अधोरेखित करायची सवय लावायची आहे, तिसऱ्याला वाचताना बोट ठेवायला सांगायचं आहे. फळ्यावर ‘उत्तर 408’ लिहून पुढे गेले, तर या तिघांच्याही हाती काही लागत नाही. पुढच्या पेपरात ते पुन्हा तसंच चुकतात आणि घरी सांगतात, ‘‘मला येत होतं, पण चुकलं.’’

म्हणून चुकलेल्या प्रश्नाखाली मी मुलांना एकच वाक्य लिहायला लावते : मी हा पर्याय का निवडला? सुरुवातीला सगळे ‘घाईत’ लिहितात. मग शेजारी बसून, बोलतं करून खरं कारण काढावं लागतं. आमच्या वर्गात कोलामी, गोंडी, बंजारा बोलणारी मुलं आहेत, 1972 च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून इथे आलेल्या कुटुंबांची मुलं आहेत. ‘कोणते विधान चुकीचे आहे?’ असं विचारलं की यांतली कितीतरी मुलं बरोबर विधान शोधून बसतात. हे कारण गुणांच्या आकड्यात दिसत नाही. त्यासाठी मुलाजवळ बसावंच लागतं.

चाचणीने माणूस शिकतो, यात शंका नाही. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचून, तो मिटून, आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांना 42 टक्के आठवत होतं आणि लिहून काढणाऱ्यांना 56 टक्के. म्हणून पेपर हवाच. पण आठवणच चुकीची असेल, तर ती कुणीतरी दुरुस्तही करायला हवी.

जास्त पेपर घेतले की वेळेची सवय होते, असं माझे सहकारी म्हणतात. ते खरं आहे. नवोदयला 120 मिनिटांत 80 प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट, आणि त्यातच दहा वर्षांच्या मुलाने उत्तरपत्रिकेवर पेनाने गोल रंगवायचे. एक ओळ सरकली की पुढचं सगळं चुकतं. ही सवय घड्याळ लावून घेतलेल्या मोजक्या पूर्ण पेपरांनी होते, रोजच्या पेपरांनी मुलं फक्त थकतात. शिवाय प्रत्येक परीक्षेची रीत वेगळी. नवोदयला चुकलं तरी गुण कापत नाहीत, तेव्हा एकही गोल रिकामा सोडू नये. हीच मुलं पुढे वैद्यकीय प्रवेशाच्या नीटला बसली, तर तिथे प्रत्येक चुकीला एक गुण जातो. हे कधी तरी त्यांना समजावून सांगायला हवं.

माझा सगळा आग्रह ज्यासाठी आहे, ते आता सांगते. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यासाठीचं नवोदय विद्यालय तळोधी बाळापूरला आहे. सहावीच्या जागा 80 आणि तालुके 15. माझ्या वर्गातली बहुतेक मुलं निवडली जाणार नाहीत, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. त्या मुलांना या वर्षातून काय मिळालं? त्यांचे गुण पालकांच्या मोबाईल गटावर टाकून क्रमांक लावले, तर फक्त ‘आपल्याला जमत नाही’ एवढंच मिळालं. तेच टक्केवारी पक्की झाली असेल, प्रश्न शेवटपर्यंत वाचायची सवय लागली असेल, तर ती शिदोरी आठवीच्या एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षेला कामी येते. तिथे निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12 हजार रुपये मिळतात. डोंगरावरच्या घरात ती रक्कम मोठी असते.

आमच्याच तालुक्यात पालडोहची जिल्हा परिषद शाळा वर्षाचे 365 दिवस भरते. सगळ्यांनी तसं करावं असं मी म्हणत नाही, पण सावकाश शिकवायला वेळ कुठून काढायचा याचं एक उत्तर तिथे आहे. बाकीच्या शाळांसाठी माझं शिक्षण विभागाकडे मागणं छोटं आहे. पन्नास प्रश्नपत्रिका पाठवू नका, पाच पाठवा. पण प्रत्येकीसोबत नुसती उत्तरसूची न देता प्रत्येक चुकीचा पर्याय मूल का निवडतं, हे मराठीत लिहून द्या. कोऱ्या उत्तरपत्रिका छापूनच पाठवा, कारण वरच्या गावांत झेरॉक्सचं दुकान नाही आणि नेटवर्कचा भरवसा नाही. आणि हे दसऱ्याच्या आत पोहोचवा. परीक्षा डिसेंबर-जानेवारीत येते, आणि दिवाळीपासून माझी अर्धी मुलं आई-बापांबरोबर कापूस वेचायला जातात.