पौर्णिमेची खीर



मे महिन्याची सुट्टी लागली की मुंबईतली आपली निम्मी वस्ती एस.टी.च्या रांगेत उभी असते. डोक्यावर बोचकी, कडेवर पोरे आणि मनात गाव. आमचेही तसेच. महाड तालुक्यात आमचे गाव, तिथे आमची आई एकटी राहायची. मुलांची ती आजी, आणि मुलांना सुट्टी म्हणजे आजीच. करवंदांची जाळी कुठे आहे, फणस पिकला हे वासावरून कसे ओळखायचे, हे सारे ती शिकवायची. संध्याकाळी ओटीवर बसवून त्रिशरण-पंचशील म्हणून घ्यायची. एखादा शब्द चुकला तर मांडीवर हलकी चापट मारून पुन्हा पहिल्यापासून.

आणि बुद्ध पौर्णिमेला खीर. तांदूळ, गूळ आणि नारळाचा रस. दूध मिळाले तर घालायचे, नाही मिळाले तरी अडत नसे. सुजातेच्या खिरीची गोष्ट सांगत सांगत ती मोठ्या टोपात डाव फिरवायची आणि वाडीतल्या सगळ्या पोरांना विहारात वाट्या घेऊन बसवायची.

२०२५ साली पौर्णिमा १२ मे रोजी, सोमवारी होती. आईने आठवडाभर आधीच गुळाची ढेप आणून ठेवली होती, नारळ सोलून कोपऱ्यात लावले होते. शुक्रवारी पहाटे आमची मुलगी आम्हाला उठवायला आली. म्हणाली, "आजीला कधीची हाक मारते, ती उठत नाही." आई झोपेतच गेली होती. वय अठ्ठ्याहत्तर. दोन्ही नातवंडे तिच्या शेजारीच झोपली होती.

त्याच दिवशी दुपारी बौद्धाचार्यांनी विधी केला आणि अंत्यसंस्कार झाले. रात्री भावकी ओटीवर बसली तेव्हा आमचा नऊ वर्षांचा मुलगा सगळ्यांसमोर म्हणाला, "आता पौर्णिमेला खीर कोण करणार?"

कोणीतरी त्याला गप्प केले. आमचे थोरले चुलते म्हणाले, "घरात मरण झालंय. दहा दिवस सुतक. गोड करायचं नाही, विहारात पाय ठेवायचा नाही. लोक काय म्हणतील?"

चुलते वाईट माणूस नाहीत. सत्तर वर्षे धम्मात काढलेला माणूस. पण दुःखाच्या वेळी माणूस आधाराला जुनी भिंत शोधतो, ती कोणी आणि कशासाठी बांधली हे त्या वेळी आठवत नाही. आम्हीसुद्धा गप्प राहिलो. खरे सांगायचे तर आमचीही हिंमत होईना. आईला जाऊन दिवस झाला नाही आणि घरात गूळ चिरायचा, हे मनाला पटत नव्हते.

त्या रात्री झोप आली नाही. आठवत राहिली ती आईनेच शंभरदा सांगितलेली गोष्ट. १९५६ साली तिचे वडील मुंबईत गिरणीत होते. ७ डिसेंबरला त्यांनी नऊ वर्षांच्या आईला खांद्यावर घेतले आणि दादर चौपाटीवर गेले. बाबासाहेबांच्या हातून मुंबईची दीक्षा त्याच महिन्यात व्हायची होती, आणि समोर तर बाबासाहेबांचीच चिता होती. तिथेच, त्याच गर्दीत, भदंत आनंद कौसल्यायन यांनी लोकांना दीक्षा दिली. लाखो माणसांनी रडत्या गळ्याने तीन शरणे म्हटली. आई सांगायची, "आम्हांला धम्म रडता रडता मिळाला. म्हणून धम्मात रडायला बंदी नाही. रडत बसायला बंदी आहे."

सकाळी चुलत्यांजवळ जाऊन बसलो. म्हटले, "काका, सुतक म्हणजे विटाळच ना? ज्या विटाळापायी आपल्या बापजाद्यांना चवदार तळ्याचं पाणी शिवू देत नव्हते, ज्याच्याविरुद्ध बाबासाहेब २० मार्च १९२७ ला याच महाडात तळ्यावर गेले, तोच विटाळ आईच्या नावानं आपणच घरात घ्यायचा?" बावीस प्रतिज्ञांमध्ये श्राद्धपक्ष आणि पिंडदान करणार नाही अशी प्रतिज्ञा आहे, हे आम्ही त्यांना सांगण्याची गरज नव्हती. लहानपणी आम्हांला त्या त्यांनीच पाठ करून घेतल्या होत्या. ते काही बोलले नाहीत. उठून गोठ्याकडे गेले.

सोमवारी खीर केली. आईच्याच टोपात, तिच्याच डावाने. डाव मुलीच्या हातात होता. मध्येच तिला रडू आले, हात थांबला आणि खीर खाली थोडी लागली. तिला आम्ही रडू नको म्हटले नाही. कुशीनारा येथे तथागतांचा शेवट जवळ आला तेव्हा आनंद दाराच्या चौकटीला टेकून रडत होता. तथागतांनी त्याला रागावले नाही. जवळ बोलावले, प्रिय माणसांचा वियोग अटळ आहे हे समजावले आणि भिक्खूंसमोर त्याने केलेल्या सेवेची स्तुती केली. रडणाऱ्याला जवळ बोलवावे, ही धम्माची रीत आहे.

विहारात बौद्धाचार्यांनी सांगितले की, तथागतांचा जन्म, बोधी आणि महापरिनिर्वाण ही तिन्ही आपण वैशाख पौर्णिमेलाच मानतो. दरवर्षी ऐकलेले वाक्य. पण त्या दिवशी प्रथमच कळले, की ज्या दिवशी आपण खीर वाटतो तो निर्वाणाचाही दिवस आहे. आनंद आणि मरण यांना आपण एकाच दिवशी वंदन करत आलो आहोत.

त्रिशरण-पंचशील मुलीने म्हटले. आईची चाल, आईचेच थांबे. बाया डोळे पुसू लागल्या. मग वाट्या फिरल्या. चुलते दाराबाहेर उभे होते. मुलगाच वाटी घेऊन त्यांच्याकडे गेला. त्यांनी एक घास घेतला, तोंड वाकडे केले आणि म्हणाले, "करपवलीत रे! तुझ्या आजीनं हाणलं असतं." आणि अख्खे विहार हसले. चार दिवसांत आम्ही प्रथमच हसलो. आणि हसताना आई दूर गेल्यासारखी वाटली नाही, जवळ आल्यासारखी वाटली.

रात्री मुलाने विचारले, "आजी आता कुठे आहे?" देवाघरी गेली असे सांगणे सोपे होते. आपण देवाघर मानत नाही, आत्माही मानत नाही. म्हटले, "आजी आता नाही. पण ताईनं आज जे म्हटलं ते आजीनं शिकवलेलं. तू काकाआजोबांना वाटी नेऊन दिलीस, तेही आजीकडूनच शिकलास. एवढं आपल्याकडे आहे." तो थोडा वेळ विचार करत राहिला. मग म्हणाला, "मग पुढच्या वर्षी खीर मी ढवळणार. मी करपवणार नाही."

जलदान विधी आणि पुण्यानुमोदन साधेपणाने केले. कर्ज काढून पंगती घातल्या नाहीत. जे पैसे वाचले त्यांतून जूनमध्ये वाडीतल्या मुलांना वह्या दिल्या.

वाचकहो, सुट्टीत तुमच्याही घरी असे होईल. मरण सुट्टी बघून येत नाही. तेव्हा मुलांना दुसऱ्याच्या घरी पाठवू नका, खोटे सांगू नका. त्यांना रडू द्या, काम द्या, वंदना म्हणू द्या. आणि त्या घरात कुणाला हसू आले, तर त्याला गप्प करू नका.